पाच गोळ्यांची सरासरी

"सोडतो," भिंतीपलीकडून वामन म्हणाला.

धाडकन आवाज झाला, खिडकीची काच थरथरली आणि माझ्या समोरच्या, वेळ मोजणाऱ्या काउंटरवरचे लाल आकडे भरभर फिरून थांबले. मी आकडा तक्त्याशी ताडून पाहिला आणि वेग कागदावर लिहिला. सेकंदाला आठशे एकवीस मीटर. त्याच्या आधीची गोळी आठशे त्रेचाळीसने गेली होती. एकच पावडर, एकच वजन, एकाच डब्यातली काडतुसं, आणि ती सगळी मी माझ्या हाताने भरलेली. मी पेन टेबलावर आपटलं.

"पुढचं," मी म्हणालो.

"तयार," वामन म्हणाला.

त्या दिवसांत आम्हा दोघांत एवढंच बोलणं होतं. पुढचं, तयार, सोडतो, झालं. वामन दरेकर माझ्या बायकोचा, मंदाचा, धाकटा भाऊ. तो नळीपाशी उभा राहून काडतूस उडवायचा आणि मी भिंतीआड बसून वेग वाचायचो. मंदा असताना आम्ही दुपारचा डबा एकत्र खायचो. मंदा गेली आणि मी माझा डबा भरणीच्या खोलीत एकटा बसून खायला लागलो.

आमचा कारखाना रायफलीची काडतुसं बनवायचा. ती लाखांनी बनायची आणि मशीनच भरायचं. पण पावडरीचा नवा साठा आला की प्रत्येक काडतुसात ती किती घालायची हे आधी ठरवावं लागायचं, कारण दोन साठे कधी सारखे नसतात. ते ठरवायचं काम माझं. मी तराजूवर एकेका काडतुसाची पावडर मोजायचो, पितळी केसमध्ये, म्हणजे रिकाम्या पुंगळीत, ओतायचो आणि हातदाब्याने वर गोळी बसवायचो. एका वजनाची पाच, त्याहून थोड्या जास्त वजनाची पाच, आणखी जास्त वजनाची पाच. मग ती वामनकडे जायची. रायफलीची नुसती नळी लोखंडी बैठकीवर आवळलेली असायची, नेम धरायचा प्रश्नच नव्हता. गोळी पहिल्या चौकटीतून गेली की घड्याळ सुरू व्हायचं आणि दुसऱ्या चौकटीतून गेली की थांबायचं. पाच वेगांची सरासरी काढायची. जे वजन पाहिजे तो वेग देईल ते मशीन खात्याला कळवायचं. वजन कमी पडलं तर गोळी कमी पडते, जास्त झालं तर रायफलीच्या आत दाब वाढतो आणि ती धरणाऱ्याच्या तोंडाशी धोका येतो. म्हणून या कामात अंदाज चालत नाही.

त्या वेळी सरासरीचंच बिनसलं. सोमवारी एका वजनाची सरासरी आठशे छत्तीस आली. खात्रीसाठी मंगळवारी तेच वजन पुन्हा भरलं, तर आठशे सत्तावीस. वजन तेच आणि फरक नऊ मीटरचा. मी दोन्ही कागद वर पाठवले. वरून विचारणा आली.

लोपीस साहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब वसईचे, चाचणी विभागाचे प्रमुख. मराठी आमच्यासारखंच बोलायचे, पण चिडले की वसईच्या बोलीत शिरायचे आणि मग आम्हाला अर्धं कळायचं नाही. त्या दिवशी चिडलेले नव्हते, नुसते कंटाळलेले होते. म्हणाले, भरणी खातं बसून आहे, मशीन थंड पडलंय, आणि वरचे लोक विचारतात की एकाच वजनाला दोन वेग कसे. एक तर कारण द्या, नाही तर कारण नाही असं लिहून मोठी फेरचाचणी मागा.

"कारण आहे साहेब," मी म्हणालो. "कारणाशिवाय काही होत नाही. मी शोधतो."

"शोधा. पण हिंगे, पाच गोळ्या आहेत. पाच गोळ्यांवरून फार बोलू नये."

ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

मंदाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. जिल्ह्याच्या गावी ऑपरेशन केलं, व्यवस्थित झालं. काही दिवसांनी घरी सोडायचं ठरलं. आधीच्या सगळ्या रात्री मीच तिच्याजवळ बसलो होतो. शेवटच्या रात्री वामन आला आणि म्हणाला, दाजी, तुम्ही घरी जा, आक्का येणार तर घर झाडून ठेवा, आज मी बसतो. मी गेलो. घर झाडलं, चादरी बदलल्या, दुधाची पिशवी सांगून ठेवली. सकाळी दवाखान्याच्या दारात वामन उभा होता. त्याच्या तोंडाकडे पाहूनच मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, रक्ताची गुठळी पायातून फुप्फुसात गेली. मी विचारलं, कशाने. ते म्हणाले, असं होतं कधी कधी. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं आणि तरी असं होतं. मी पुन्हा विचारलं, कशाने. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या मोठ्या भावाने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

वामन त्या रात्री झोपला होता, एवढं मला नर्सच्या बोलण्यातून कळलं. त्याला मी काही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. दुखवट्याला सासरची माणसं कपडे घेऊन आली. वामनने पुढे होऊन टोपी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, तेव्हा मी मान बाजूला घेतली. टोपी त्याच्या हातातच राहिली. पंगतीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

तर मी कारण शोधायला लागलो. आधी तराजू. प्रमाण वजनं टाकून पाहिली, काटा केसभरही चुकत नव्हता. मग कॅपा, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टिकल्या. दोन्ही दिवशी एकाच डब्यातल्या. मग चौकटींमधलं अंतर टेपने मोजलं, दोनदा, आणि पुन्हा एकदा. चौकटी गोळीची सावली टिपतात, म्हणून त्यांच्यावरच्या उन्हाने फरक पडतो का ते पाहायला सकाळ-दुपार बांबूला पोतं बांधून आडोसा केला. काही नाही.

मग तांबोळीकडे गेलो. काडतुसं उडवायच्या आधी ठरावीक तापमानाच्या खोलीत ठेवावी लागतात, कारण पावडर तापली की वेग वाढतो. त्या खोलीचा ताबा तांबोळीकडे. जाड, मिशीवाला, बसल्या जागी विनोद करणारा माणूस. मी त्याचे थर्मामीटर काढले, माझा ठेवला, दाराच्या फटी चाचपल्या, काडतुसं किती वेळ बाहेर राहतात ते विचारलं.

"माझी मिशी पण मोजून घे," तांबोळी म्हणाला. "मंगळवारी जरा खाली आली होती. तेच असेल."

मी हसलो नाही. मग तो म्हणाला, चहा घेतोस का. मी नको म्हणालो. त्याच्या खोलीत काही चूक असती तर मला आवडलं असतं, पण नव्हती.

मग उरला वामन.

हे सांगायला हवं की काडतुसाची केस पावडरीने गच्च भरत नाही. आत थोडी जागा मोकळी राहते आणि काडतूस आडवं असताना पावडर इकडे-तिकडे होते. ती मागे, कॅपेजवळ गोळा झालेली असली तर ठिणगी लगेच धरते आणि वेग जास्त येतो. पुढे, गोळीकडे सरकलेली असली तर वेग कमी. म्हणून उडवणाऱ्याने प्रत्येक काडतूस गोळी वर करून उभं धरायचं, पावडर खाली बसू द्यायची, मग हळू आडवं करून नळीत सारायचं आणि नळीमागचा खटका धक्का न देता लावायचा. हे सगळं उडवणाऱ्याच्या हातात असतं. कागदावर ते उमटत नाही.

मी दहा काडतुसं भरली आणि जेवणाच्या सुट्टीत तांबोळीला काउंटरवर बसवून स्वतः उडवली. पाच गोळी वर धरून, पाच गोळी खाली धरून. खाली धरलेल्यांचा वेग नऊ काय, पंधरा मीटरने कमी आला.

मला बरं वाटलं. मंदा गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. मी तसाच, हाताला काजळी लागलेली असताना, लोपीस साहेबांकडे गेलो.

साहेबांनी कागद पाहिला. "म्हणजे दरेकर हयगय करतो."

"तसंच दिसतंय."

"तुम्ही त्याला करताना पाहिलंत?"

"पाहिलं नाही. पण दुसरं काही उरलं नाही."

साहेबांनी कागद घडी करून परत दिला. मग म्हणाले, हे लेखी दिलंत तर मला त्याला नळीवर ठेवता येणार नाही. जागा फक्त धुलाईत आहे. उद्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत द्या. आणि हिंगे, तो तुमचा मेहुणा आहे ना, असंही विचारलं. मी म्हणालो, कामात नातं कशाला आणता.

धुलाई म्हणजे पितळी केस तेजाबात बुडवून काढायचं खातं. वामन आधी तिथेच होता. तेजाबाच्या वाफेने त्याला असा खोकला लागला की जिना चढताना मधे बसावं लागायचं. त्याला तिथून काढून चाचणीत आणायला मंदाच माझ्या मागे लागली होती. रोज भाकरी वाढताना एकच विषय. मी तेव्हाच्या साहेबांपुढे चार वेळा उभा राहिलो, तेव्हा ते झालं. चाचणीत आल्यावर वामनचा खोकला गेला. डॉक्टरने त्याला सांगून ठेवलं होतं, परत त्या वाफेत जाऊ नकोस. हे मला पक्कं माहीत होतं. साहेबांच्या खोलीतून बाहेर पडतानाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांबोळीला पुन्हा काउंटरवर बसवलं आणि वामनच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्याने मागे वळून पाहिलं नाही. पहिलं काडतूस उचललं, गोळी वर करून उभं धरलं, बोटाच्या नखाने हलकेच टिचकी मारली, थांबला, हळू आडवं केलं, नळीत सारलं, खटका असा लावला की आवाज आला नाही. "सोडतो" म्हणाला आणि गोळी उडवायची दोरी ओढली. दुसरं तसंच. तिसरं तसंच. बोट ठेवायला जागा नव्हती.

"माझ्यासमोर करतोस," मी म्हणालो.

त्याने चौथं काडतूस तसंच उभं धरून ठेवलं. "रोज असंच करतो, दाजी."

"मंगळवारी केलं नाहीस."

"मंगळवारी पण केलं."

"मग नऊ मीटर कुठे गेले?"

"मला नाही माहीत." त्याचा आवाज अगदी साधा होता. त्याने चिडावं, उलटून बोलावं, असं मला फार वाटत होतं. तो चिडला नाही. चौथं उडवलं, पाचवं उडवलं, नळी पुसली.

मी भरणीच्या खोलीत आलो आणि कागद पुढे घेऊन बसलो. 'उडवणाऱ्याच्या हाताळणीत' एवढं लिहिलं आणि पुढचं वाक्य जुळेना. 'हयगय' लिहू की 'दोष' लिहू, हेच ठरेना. चीड येत होती, आणि ती कुणावर ते कळत नव्हतं.

दार वाजलं. वामन आत आला. भरणीच्या खोलीत लोखंडी वस्तू घेऊन यायचं नाही म्हणून त्याने किल्ल्यांचा जुडगा आणि पट्टा बाहेर खिळ्याला लावला होता. तो दाराशीच उभा राहिला.

"तांबोळीने सांगितलं," तो म्हणाला. "माझं नाव देताय."

मी पेन खाली ठेवलं.

"द्या. मी भांडायला नाही आलो." त्याने घसा खाकरला. "तुम्हाला कारण पाहिजे, दाजी. मिळत नाही म्हणून तुम्ही स्वतःला खाताय. जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. माझं नाव लिहून तुम्हाला झोप लागणार असेल तर लिहा. दोन्हीकडे लिहा. इथेही, आणि आक्काच्या बाबतीतही. मी कुठेच नाही म्हणणार नाही."

"बाहेर जा," मी म्हणालो.

तो गेला. पट्टा घालताना बकलाचा आवाज आला, मग पावलं गेली.

मी कागद टराटरा फाडला. त्याची दया आली म्हणून नाही. मला त्याचा राग आला होता. चूक केलेला माणूस असा येऊन चूक आपणहून देत नाही. ती त्याच्याकडून काढून घ्यावी लागते. वामनने ती फुकट पुढे केली आणि मला ती हातात घेववेना. मी नवीन केसचा डबा उघडला आणि भरायला बसलो. ठरवलं, हात माझेच असतील. भरणारा मी, उडवणारा मी. मग पाहू नऊ मीटर कुठे जातात.

वीस काडतुसं भरली. एकेक वजन दोनदा तपासलं. तांबोळीने ती आपल्या खोलीत ठेवून घेतली आणि वेळ झाल्यावर आणून दिली. या वेळी विनोद केला नाही. मी नळीपाशी उभा राहिलो आणि पाच-पाचच्या चार मालिका उडवल्या. प्रत्येक काडतूस गोळी वर, टिचकी, थांबणं, हळू आडवं. नळी तापू नये म्हणून मधे पुरेसा वेळ सोडला. एका काडतुसाचा खटका जरा जोरात लागला असं वाटलं तर ते बाहेर काढून पुन्हा उभं केलं. मी आयुष्यात एवढ्या काळजीने दुसरं काही केलेलं नाही.

तांबोळीने कागद आणून दिला. पहिल्या पाचांची सरासरी आठशे एकतीस. दुसऱ्या पाचांची आठशे सदतीस. तिसऱ्या पाचांची आठशे अठ्ठावीस. चौथ्या पाचांची आठशे बत्तीस.

मी तो कागद पुन्हा वाचला. एकच माणूस, एकच सकाळ, एकच डबा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालिकेत पुन्हा तेच नऊ मीटर.

"आता तुझं नाव लिहायचं का?" तांबोळी म्हणाला.

तो थट्टेने म्हणाला नव्हता. खरंच विचारत होता. मी कागद त्याच्या हातात कोंबला आणि चौकटींकडे चालत गेलो. पुन्हा टेप लावली. अंतर तेवढंच होतं. मी टेप लांब फेकली. ती फरफटत जाऊन मातीच्या बांधाला लागली. मग जाऊन उचलून आणावी लागली, कारण ती खात्याची होती.

परत आलो तर लोपीस साहेब काउंटरच्या खोलीत उभे. तांबोळीने त्यांना बोलावलं असावं. त्यांनी टेबलावर आलेखाचा कागद पसरला होता आणि पेन्सिलीने एकेका गोळीचा वेग टिंब म्हणून मांडत होते. सोमवारच्या पाच, मंगळवारच्या पाच, आजच्या सगळ्या. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. मधे टिंबं दाट झाली, कडेला विरळ. सोमवारच्या टिंबांना त्यांनी गोल केले, मंगळवारच्यांना फुली मारली. गोल आणि फुल्या सगळ्या त्या एकाच ढिगात होत्या. काही या बाजूला, काही त्या बाजूला, पण ढिगाच्या बाहेर एकही नाही.

"हे बघा," साहेब म्हणाले. "दोन वेग नाहीत. एकच आहे, आणि तो असा पसरलेला आहे. या ढिगातून डोळे मिटून पाच उचला, परत पाच उचला. कधी सरासरी जुळेल, कधी नऊने चुकेल. ही नवी पावडर जरा जास्त पसरते, एवढंच आपल्याला कळलं. वीस-वीसच्या मालिका घेऊ या, सरासरी जागेवर बसेल."

"पण तीच काडतुसं वेगळी का जातात? काहीतरी असेलच ना."

"असेल. पावडरीचे दाणे कसे पडले, केसची जाडी, कॅपेची ठिणगी. शंभर बारीक गोष्टी. एकेक पकडून हीच म्हणता येत नाही. सगळं नीट केलं तरी असं होतं, हिंगे."

ते म्हणाले आणि पुन्हा टिंबांकडे वळले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. मी टेबलाची कड धरली. मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं, तोंड उघडलंही. पण समोर तो ढीग होता आणि त्यातल्या वीस गोळ्या मी उडवलेल्या होत्या. त्यातल्या कुठल्या एका गोळीला हात लावून मी म्हणणार होतो की ही माझी चूक? मी एकही चूक केली नव्हती.

"लेखी काय देताय?" साहेबांनी विचारलं.

"फेरचाचणी," मी म्हणालो. "वीसच्या मालिका."

"आणि दरेकर?"

"त्याच्या हातात दोष नाही. तसं स्पष्ट लिहितो."

साहेबांनी मान हलवली. वर हे आवडणार नाही, त्यांना कारण हवं होतं, असं पुटपुटत ते गेले. मला तरी कुठे आवडलं होतं. मी उभ्या-उभ्या चार ओळी लिहिल्या आणि सही केली. हलकं-बिलकं काही वाटलं नाही. उलट हातातून काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं झालं.

सुट्टी झाली होती. वामन मैदानाच्या कडेला शेडच्या सावलीत बसून डबा खात होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. माझा डबा भरणीच्या खोलीतच राहिला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी मोडून अर्धी झाकणात माझ्यापुढे ठेवली. ठेचा होता, वांग्याची भाजी होती.

"लिहून दिलं," मी म्हणालो. "तू इथेच राहणार."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही.

आम्ही खात राहिलो. शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याचा आवाज येत होता. मग मी विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं, कारण उत्तर काय ते मी आधीच ठरवून टाकलं होतं.

"त्या रात्री काय झालं, वामन?"

तो चावायचा थांबला. पाणी प्यायला. सांगायला लागला तेव्हा खाली जमिनीकडे पाहत सांगितलं. म्हणाला, आक्काने खिचडी खाल्ली आणि दवाखान्यातल्या बाईला मिठावरून बोलली. नंतर म्हणाली, उद्या घरी गेल्यावर आधी डोक्यावरून पाणी घेणार, डोकं खाजून जीव गेलाय. शिकेकाई आहे का घरी, त्यांना कुठली माहीत असायला, असंही म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी कोणत्या तरी लग्नावरून बोलत बसली. मग वामनला म्हणाली, दिवा घालव, तू पण पड, सकाळपासून उभा आहेस. त्याने दिवा घालवला.

"मग?"

"मग काही नाही. मी खाली सतरंजीवर पडलो. झोप लागली." तो थांबला. "नर्स आली तेव्हा जाग आली. आक्का कण्हली असेल, हाक मारली असेल, मला ऐकू आलं नाही. म्हातारीलाही नाही. मी रोज आठवून पाहतो, दाजी. काहीतरी ऐकू आलं असेल आणि मी कूस बदलली असेल, असं करून पाहतो. आठवत नाही."

मी त्या खोलीत किती रात्री काढल्या होत्या. तीच सतरंजी, तीच खाट. मंदा एकदा पाणी मागत होती आणि मी घोरत होतो, हे तिनेच सकाळी हसत सांगितलं होतं.

"मी असतो तर मीही झोपलो असतो," मी म्हणालो.

वामनने हातातला घास परत डब्यात ठेवला. दहाव्याला तो रडला नव्हता, मी त्याच्या हातची टोपी घेतली नाही तेव्हाही नाही. आता गुडघ्यात डोकं घालून तो लहान पोरासारखा रडला. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण मला ते कधीच जमलेलं नाही. मी नुसता बसून राहिलो. भोंगा झाला, माणसं शेडवरून खात्याकडे निघाली, तांबोळीने लांबून हात करून बोलावलं. मी उठलो नाही.